वसंताची चेष्टा

वसंता,

हे मी चार वर्षं टाळलं. टाळायला कारणंही मिळत गेली. आधी वाटलं, तुझा राग निवळू दे. मग कळलं की तुला राग आलेलाच नाही; तेव्हा वाटलं, आता कशाला उकरून काढायचं. नंतर माझे गुडघे दुखायला लागले आणि अवधपुरीहून अशोका गार्डन, तुझ्या मुलाचं घर, एकदम लांब झालं. गेल्या मंगळवारी तू गेलास. आता एकही कारण उरलं नाही.

लिहितोय तुला, पण टाकणार आहे 'आपला कट्टा'वर, म्हणजे आपल्या कॉलनीतल्या मराठी मंडळींच्या त्याच व्हॉट्सॅप गटावर, जिथून मी तुला काढलं होतं. जे झालं ते तिथे झालं, तेव्हा फेडायचंही तिथेच.

तू गेल्याची बातमी मीच कट्ट्यावर टाकली. श्रद्धांजली आपल्या नियमात बसते. भराभर जोडलेले हात आले, दिवे आले, 'भावपूर्ण' आलं. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये एका बाईंनी लिहिलं, "वाईट बोलू नये, पण नलूताई सुटल्या." त्याखाली तिघा-चौघांचे अंगठे. मी ते वाचलं आणि फोन पालथा घालून ठेवला. नलू, तुझी बायको, तुझ्यापासून सुटली! आणि हे लोक खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटतं, कारण मी त्यांना तसं वाटू दिलं.

आपली पहिली भेट आठवते तुला? मी पुण्याहून कारखान्यात नोकरीला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि रेशनकार्डाच्या कागदात काहीतरी चुकवून बसलो होतो. तुमच्या ऑफिसातल्या साहेबांसमोर मी माझ्या हिंदीत म्हणालो, "सर, गलती मेरी है, लेकिन उसकी इतनी बड़ी शिक्षा मत दीजिए." साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "शिक्षा? हम क्या मास्टर लगे हैं आपके?" सगळी रांग हसली. मला कळेना काय चुकलं. तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावरून तू उठलास आणि म्हणालास, "सर, मराठी में शिक्षा मतलब सज़ा. ये कह रहे हैं, सज़ा मत दीजिए." साहेबही हसले, कागद पुढे सरकला. तू बाहेर येऊन मला पोहे-जिलेबी खाऊ घातलीस आणि म्हणालास, "काय इंजिनियरसाहेब, पढाई करून आलात की सज़ा भोगून?"

अर्धं मिनिट लागलं असेल तुला. माझा एक शब्द समोरच्याला समजावून सांगायला अर्धं मिनिट. हे मी नंतर फार वेळा मोजलं आहे.

तुझे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेले, तू जन्मलास इथेच, शाळा हिंदीची, नोकरी हिंदीची. तुझी मराठी घरातली, स्वयंपाकघरातली, अर्धी विदर्भाची आणि अर्धी इथल्या रस्त्यावरची. "मी कोशिश करून राहिलो ना बे," असं तू म्हणायचास आणि मी कानांवर हात ठेवायचो. आपली चाळीस वर्षांची दोस्ती या थट्टेवर चालली. तू माझ्या हिंदीला हसायचास, मी तुझ्या मराठीला. फरक एवढाच की तू हसून सोडून द्यायचास. मला मात्र खरंच वाटायचं की माझी मराठी तुझ्यापेक्षा वरची आहे.

निवृत्तीनंतर आपण दोघांनी अवधपुरीत घरं बांधली. माझ्या मुलीनं, मेधानं, मला तो गट काढून दिला आणि मी त्याचा अॅडमिन झालो. अॅडमिन झालो म्हणजे जणू पुन्हा कारखान्यातला शॉपफ्लोअर मिळाला. बसून नियम लिहिले. एक, राजकारण आणि धर्म नको. दोन, आजारपणं आणि घरगुती रडगाणी नकोत. तीन, फक्त मराठी, आणि तीही शुद्ध.

पहिल्या नियमावर तू काही बोलला नाहीस. तिसऱ्यावर हसलास. दुसऱ्यावर मात्र भांडायला माझ्या व्हरांड्यात आलास.

"मग बोलायचं काय रे इथे? गुलाबाची फुलं पाठवायची?"

"चांगलं बोलायचं. लोकांना घरी कटकटी कमी आहेत का?"

"घरी आहेत म्हणून तर बाहेर बोलायच्या. बागेत बाकावर बसून लोक काय बोलतात? माझी शुगर, तुझी सून. तो बाक तू फोनमध्ये आणलास आणि वर पाटी लावलीस, इथे बसू नये!"

मी म्हणालो, एकदा आजार सुरू झाले की कट्टा दवाखाना होईल. सल्ले येतील, काढे येतील, कुणाच्या घरातल्या गोष्टी कुणाच्या तोंडी जातील. आजही मला ते अगदीच चूक वाटत नाही. पण तुला जे विचारायचं होतं ते मी ऐकून घेतलं नाही. तू तेव्हाच म्हणाला होतास, "ज्या गोष्टीनं माणसाची झोप उडते तीच बोलायची नाही, तर माणसं जमवली कशाला?" मी म्हणालो, "भजनं ऐक."

महिनाभर तू हा वाद चालू ठेवलास, कधी व्हरांड्यात, कधी कट्ट्यावर. दोन-तीन घरं तुझ्या बाजूला वळायला लागली होती. आणि मला भीती वाटायला लागली. का, ते आता सांगतो.

मेधा तेव्हा नवऱ्याचं घर सोडून आली होती. कायमची. मी कॉलनीत सांगितलं होतं की तिचं काम घरून चालतं, म्हणून आली आहे. नियम दोन होता तोवर मला कोणी काही विचारू शकत नव्हतं. तो नियम मी सगळ्यांसाठी लिहिला असं मी म्हणायचो. लिहिला होता माझ्या घरासाठी. हे मी मेधाला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "बाबा, माझं नाव घाला. मला कधीच अडचण नव्हती, तुम्हाला होती."

त्याच सुमारास तू कट्ट्यावर काहीतरी लिहिलंस, बागेतल्या झाडांबद्दल, आणि त्यात 'कोशिश' आलं. मी सगळ्यांदेखत लिहिलं, "वसंतराव, 'कोशिश' हा मराठी शब्द नाही. नियम तीन." तू हात जोडलेस आणि लिहिलंस, "चुकलो गुरुजी. यापुढे शुद्ध लिहीन."

आणि तू शुद्ध लिहिलंस.

तो तुझा मेसेज माझ्याकडे आहे. काढायच्या आधी मी तो वहीत उतरवून घेतला होता. का, कोण जाणे. जसाच्या तसा देतो.

"सर्वांना नमस्कार. नियम क्रमांक दोन मला ठाऊक आहे, तरी लिहितो. नलूचा विसर वाढला आहे. काल तिने मला विचारले, तुम्ही कोण. मी रोज सकाळी जुने फोटो घेऊन तिच्यासमोर बसतो आणि चेष्टा करतो. ती रडते, चिडते. तरी मी चेष्टा सोडलेली नाही आणि सोडणार नाही. आपल्यापैकी आणखी कोणाच्या घरी असे असेल तर कृपया सांगावे. सर्वांनी मिळून चेष्टा केली तर बरे होईल."

कट्ट्यावरच्या मंडळींनो, हे तुमच्यासाठी. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. सरकारी कागदात तर फारच चालतो हा शब्द. वसंतानं आयुष्यभर असे कागद लिहिले. 'कोशिश' मी खोडला, म्हणून त्यानं त्याहून भारदस्त, संस्कृतातला, त्याच्या मते शुद्ध मराठी शब्द शोधून काढला. आता तो मेसेज पुन्हा वाचा, आणि चेष्टाच्या जागी प्रयत्न म्हणा. तो रोज सकाळी बायकोला तिचं आयुष्य आठवून द्यायचा प्रयत्न करत होता. ती रडली तरी त्यानं तो सोडला नाही. एवढंच त्यानं लिहिलं होतं.

मला हे ठाऊक होतं का? हो. पहिल्या मिनिटाला. गणपतीसाठी हॉल मिळावा म्हणून तूच अर्ज लिहायचास, आणि त्यात दर वर्षी 'हम पूरी चेष्टा करेंगे' असायचं. मी एकदा विचारलं होतं, "हॉलवाल्याची चेष्टा करणार तुम्ही?" आणि आपण दोघं पोट धरून हसलो होतो. तेव्हा मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही.

त्या सकाळी मी मटार सोलत बसलो होतो. आधी कुणीतरी हसरा चेहरा टाकला. मग सबनीसबाईंनी लिहिलं, "शरम वाटायला हवी. नलूताईंना आमच्याकडे आणून सोडा." दुसऱ्यानं, "सुशिक्षित माणूस आणि हे वागणं." मी फोन उचलला आणि टाइप केलं, "गैरसमज होतोय. चेष्टा म्हणजे हिंदीत". तिथे थांबलो. बोट तसंच वर. मनात आलं, हे लिहिलं की सगळे हळहळतील. मग म्हणतील, वसंतराव बरोबर म्हणत होते, नियम दोन काढाच. आणि मग दुसऱ्या दिवशी कुणीतरी मला विचारेल, मेधा कशी आहे.

मी ते खोडलं. लिहिलं, "नियम दोनचा भंग झाल्याने संदेश काढत आहे. सदस्यासही." आणि तुला काढलं. मग उरलेले मटार सोलले.

सबनीसबाईंना मी दोष देत नाही. त्यांनी जे वाचलं त्यावर त्या योग्यच चिडल्या. मी तुला काढल्यावर तर त्यांची खात्रीच पटली, की अॅडमिन इतका जवळचा मित्र असून त्यालाही सहन झालं नाही.

दुपारी तू फाटकाशी आलास. नलूला अंघोळ घालून, जेवायला घालून, झोपवून आला होतास. बाही अजून ओली होती. कट्ट्यावरची उत्तरं तू वाचली होतीस, पण त्यात तो शब्द कुणीच लिहिला नव्हता. तुला वाटलं, बायकोचा आजार चारचौघांत सांगितला म्हणून लोक शरम म्हणतायत.

"काहून रे इंजिनियर? मी असं काय लिहिलं?"

"नियम म्हणजे नियम."

"मग नियम चुकीचा आहे बे."

"तुझ्या एकट्यासाठी बदलू का?"

तू माझ्याकडे बघितलंस, मग माझ्या मागे खिडकीकडे. मेधा तिथे कपडे वाळत घालत होती. "माझ्यासाठी नको," तू म्हणालास. "तुझ्यासाठी बदल." आणि गेलास.

म्हणजे तुला माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. पण तुझ्या तोंडून ते कधी बाहेर पडलं नाही, कट्ट्यावरून हाकलल्यावरही नाही. माझ्या घरातलं तू झाकलंस, आणि तुझं घर मी चव्हाट्यावर तसंच टाकून दिलं.

पुढचं तुला अर्धंच माहीत असेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तू नलूला घेऊन आलास, बाहेर खुर्चीवर बसून राहिलास. आत सबनीसबाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं, "नलूताई, ते तुम्हाला त्रास देतात का हो?" नलू तेव्हा प्रत्येक गोष्टीला हो म्हणायची. चहा हवा का, हो. थंडी वाजते का, हो. ती हसून "हो" म्हणाली. मेधानं घरी येऊन मला हे सांगितलं. तिला मेसेजचा अर्थ माहीत नव्हता. मी तेव्हाही तिला सांगितला नाही. त्यानंतर तुझ्याशेजारी कुणी बसेना. तुझ्या फाटकावरून जाताना लोक बोलणं थांबवायचे. तू म्हणालास, "यांना वाटतं विसरण्याचा रोग लागतो." आणि हसलास. तीन महिन्यांत तू घर बंद करून अशोका गार्डनला मुलाकडे राहायला गेलास. मी टेम्पोत कपाट चढवायला हात लावला. एवढी मात्र मदत केली मी.

दोनदा आलो मी तुझ्याकडे, सांगायचंच म्हणून. पहिल्यांदा रेल्वे लाइनच्या अलीकडूनच परत फिरलो. दुसऱ्यांदा आत आलो, सुनेच्या हातचे पोहे खाल्ले, आणि तूच विषय काढलास. "मग? कट्ट्यावर काय चालू आहे?"

"विशेष काही नाही. फुलं, सुविचार."

"म्हणजे कोणी आजारी पडत नाही अवधपुरीत! वा! तिकडेच राहायला पाहिजे होतं."

मी हसलो. तूही हसलास. मग म्हणालास, "खरं सांगू का, मला त्या दिवशी फक्त विचारायचं होतं की अजून कोणाच्या घरी असं आहे का. एक जण जरी हो म्हणाला असता ना, तर मी रोज फोन केला असता त्याला." तेव्हा तोंड उघडायचं होतं मला. तेवढ्यात नलूनं आतून हाक मारली आणि तू उठलास. तू परत बाहेर येईपर्यंत मी थांबलो नाही. चपला घातल्या.

आणि हेही लिहून ठेवतो. त्याच कॉलनीत, त्याच वर्षी, आणखी दोन घरी तेच होतं. एका घरी आई, एका घरी नवरा. मला नंतर कळलं. तीही माणसं कट्ट्यावर रोज सुप्रभात लिहीत होती.

मंगळवारी तुला नेल्यावर मी घरात जाऊन नलूपाशी बसलो. तुझी सून म्हणाली, "काका, आई रोज नऊ वाजता फोटोंचा डबा घेऊन बसतात. आज बाबा नाहीत, तरी बसल्या." बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. नलू एकेक फोटो काढून स्वतःशीच बोटानं दाखवत होती. मुलाचं नाव तिला आलं, तुझ्या आईचंही आलं. मग एक फोटो आला, गणपतीच्या हॉलमधला, तू आणि मी खुर्च्या मांडतोय. तिनं माझ्यावर बोट ठेवलं, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"इंजिनियर," ती म्हणाली. आणि जरा थांबून, पाठ केल्यासारखं, "आपला."

सून म्हणाली, "बाबांनी शिकवलंय. रोज सांगायचे, हा इंजिनियर, आपला."

चार वर्षं, रोज सकाळी, तू माझं नाव तिला घोकायला लावत होतास. तुझी चेष्टा यशस्वी झाली, वसंता. मी तिथे नलूसमोर बोलायला गेलो, आणि नुसताच डब्यातले फोटो सरळ करत बसलो. ती सुनेला म्हणाली, यांना पाणी द्या.

तर आता कट्ट्याला सांगतो. नियम दोन आजपासून नाही. मी अॅडमिन आहे तोवर तो परत येणार नाही, आणि मला काढायचं असेल तर खुशाल काढा, पण हे वाचून झाल्यावर. त्याच्या जागी एवढंच राहील: दुसऱ्याच्या घरातलं कुणी बोलायचं नाही, स्वतःच्या घरातलं ज्याला बोलायचं आहे त्याला कुणी अडवायचं नाही. सल्ला मागितला तरच द्यायचा. राजकारणाचा नियम ठेवतोय. त्यावर वसंता नक्की भांडला असता, पण तो वाद मला एकट्यानं घालता येत नाही. आणि शुद्ध मराठीचा नियम मी काढतोय. कुणाचा शब्द खटकला तर आधी त्याला विचारायचं, काय म्हणायचंय तुला?

माझ्यापासून सुरुवात करतो. माझी मुलगी चार वर्षांपूर्वी नवऱ्याला सोडून आली. ती बरी आहे. मी बरा नव्हतो.

सबनीसबाई, जमलं तर एकदा अशोका गार्डनला या. सकाळी नऊला. आता नलूसमोर फोटो धरायला माणूस लागेल. मी जाणार आहेच.

वसंता, हे सगळं मी फोनमध्ये कितीदा लिहून खोडलं आहे. एकदा 'क्षमस्व' लिहिलं, एकदा 'दिलगीर आहे'. शुद्धच लिहिलं. तू वाचलं असतंस तर म्हणाला असतास, सीधी बात बोल ना बे. म्हणून सरळच.

तू काय लिहिलं होतंस ते मला कळलं होतं. कळूनही मी गप्प बसलो. चुकलो, वसंता. मला माफ कर.